दोन ठोके म्हणजे सोड

१

गाडीने साठी ओलांडली होती आणि मालकानेही. मालक दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद करून घरी बसला, घरी बसून बायकोच्या डोक्याला ताप होऊ लागला, तेव्हा मामाच्या गोदामात धूळ खात पडलेली ही जुनी पिकअप बाहेर काढून तिच्या मागे लागला. दोन वर्षं तो तिच्यासाठी खपला. मूळचा फिका हिरवा रंग पुन्हा चढवला, मागच्या हौद्याला नव्या फळ्या मारून घेतल्या, पुढचे गोल दिवे कुठून कुठून मिळवले. आता सगळं जागच्या जागी होतं, फक्त हॉर्न वाजत नव्हता.

“बत्तिशी शाबूत आहे, मास्तर, वाचा तेवढी गेलीय,” तो गुरुवारी सकाळी गाडी आत घालून उतरता उतरता म्हणाला. “रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. परीक्षक स्वतः हॉर्न दाबून बघतात म्हणे. मुकी गाडी नेली तर माझं हसं होईल.”

“शनिवारी पाच वाजता या. बोलती करून ठेवतो.”

“तुमच्या भरवशावर आहे हं.” दातवाल्याने बॉनेटवर एकदा हात फिरवला, मूल शाळेत सोडताना फिरवावा तसा, आणि गेला.

ज्याच्या भरवशावर तो गेला त्याला गल्लीत सगळे वायरमन म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा तो त्या भागातला एकुलता एक माणूस होता. त्याचं दुकान म्हणजे एक लांबुडकी खोली. पुढे शटर, मागे भिंत. गाडी तोंडाने आत घातली की बॉनेट मागच्या भिंतीपासून चार पावलांवर येई. त्या चार पावलांत त्याचा सगळा पसारा होता. भिंतीला लावलेलं कामाचं टेबल, टेबलावर फोन, कोपऱ्यात बेसिन, बेसिनवर पत्र्याच्या झाकणात साबणाची वडी. रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान होतं. शिंपी दिवसभर मशीनवर मान घालून बसे आणि मान वर न करता सगळ्या गल्लीची खबर ठेवी.

वायरमनने चहाचा कप विसळला, चष्मा चढवला आणि कामाला लागला.

२

हॉर्नचं काम खरं म्हणजे दोघांचं. एकाने आत बसून स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून करंट कुठवर येतोय ते बघायचं. बॉनेट उघडलं की दोघांच्या मध्ये लोखंडाची भिंत उभी राहते. आतल्याला पुढचा दिसत नाही, पुढच्याला आतला. राहते ती बॉनेटच्या खालच्या कडेची चार बोटांची फट. तिच्यातून आतल्याला पुढच्याचे नुसते हात दिसतात. हॉर्नच्या आवाजात ओरडून काही कळत नाही, म्हणून वायरमनने पहिल्यापासून ठोके ठरवले होते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बॉनेटवर एक ठोका म्हणजे दाब. दोन ठोके म्हणजे सोड. तीन म्हणजे झालं, उतर.

सव्वीस वर्षं आत बसायला त्याची बायको होती. दुपारी ती डबा घेऊन यायची आणि गाडीत चढून बसायची. सोबत वर्तमानपत्र आणि पेन्सिल. बसल्या बसल्या शब्दकोडं सोडवायची. त्यामुळे एक ठोका दिला की हॉर्न लगेच वाजत नसे. आधी ती लिहीत असलेलं अक्षर पुरं करी, पेन्सिल कानामागे अडकवी आणि मग दाबी. एवढ्यात एक श्वास जाई.

“अगं, हॉर्न आहे, देवघरातली घंटा नाही. जरा चटचट,” तो कुरकुरायचा.

“अहो, गाडी कुठे पळून चाललीय?” ती आतून म्हणायची.

चार वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून तो एकट्यानेच भागवी. बटणावर लाकडाचा ठोकळा ठेवायचा, त्यावरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा स्टिअरिंगला घट्ट बांधायचा, की बटण दाबलेलं राही. मग पुढे जाऊन बघायचं, परत येऊन सोडायचं, पुन्हा बांधायचं. दिवसातून पन्नास खेपा होत. माणूस ठेवा की, असं शिंपी म्हणे. वायरमन हो हो म्हणे आणि विषय बदली. त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्याला बघवलं नसतं, एवढी साधी गोष्ट होती.

पिकअपचं बटण हाडासारखं पिवळट पांढरं होतं. ते दाबून जरासं फिरवलं की हातात येत असे. खालची स्प्रिंग गंजली होती. स्प्रिंगखालची पितळी वाटी काळी पडली होती. वाटीतून एक तार स्टिअरिंगच्या नळीत खाली उतरत होती. तिच्यावरच्या आवरणाला हात लावला तर भुगा झाला. त्याने बटण, स्प्रिंग, वाटी सगळं काढून टेबलावरच्या स्टीलच्या ताटलीत ठेवलं. तारेच्या उघड्या टोकाला तीन वेढे चिकटपट्टी गुंडाळली, टोक आत खोचून दिलं आणि पुढे आला. हॉर्न थेट बॅटरीला लावून पाहिला. खणखणीत वाजला. म्हणजे दुखणं सगळं स्टिअरिंगच्या नळीतच होतं. तार हॉर्नला परत जोडून तो रिलेची, म्हणजे बटणाचा इशारा हॉर्नपर्यंत पोचवणाऱ्या डबीची, टोकं पुसू लागला.

पुसून झाल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि बॉनेटवर एक ठोका दिला.

दिल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. जुन्या हाताला कोण शिकवणार. ट्यूबचा पट्टा आणायला तो वळणार, तेवढ्यात हॉर्न वाजला.

३

जुन्या गाडीचा जाड, घशातला आवाज होता. खोलीतल्या पत्र्याच्या डब्यांना कंप सुटला. वायरमन जागच्या जागी उभा राहिला. बटण त्याच्या समोर ताटलीत होतं. स्प्रिंग बटणाशेजारी होती.

त्याने दोन ठोके दिले. हॉर्न थांबला.

असं होतं, त्याने स्वतःला सांगितलं. तीस वर्षांचा धंदा आहे, असं शंभर वेळा झालंय. ठोक्याने गाडी हादरली, नळीत तार कुठेतरी लोखंडाला टेकली, हॉर्न वाजला. पुन्हा हादरली, तार सुटली, हॉर्न थांबला. तो केबिनमध्ये जाऊन बघून आला. तारेचं टोक खोचलेलं तसंच होतं, पट्टीचा वेढाही ढळला नव्हता. नळीत आत कुठेतरी उघडी पडली असेल, दुसरं काय. जीव भांड्यात पडला म्हणावं इतकं ते कारण बरोबर होतं.

पण एक गोष्ट त्या कारणात बसत नव्हती. तार टेकली असती तर ठोक्याबरोबरच टेकली असती. हॉर्न ठोक्याबरोबर वाजला नव्हता. मध्ये एक श्वास गेला होता.

त्याने पुन्हा एक ठोका दिला आणि कान देऊन उभा राहिला. एक अक्षर लिहून व्हावं, पेन्सिल कानामागे जावी, एवढा वेळ गेला. मग हॉर्न वाजला.

त्या दुपारी वायरमनने काम असं काहीच केलं नाही. एक ठोका, दोन ठोके. एक ठोका, दोन ठोके. भीती वाटायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण चार वर्षांत त्याने काही विचारलं आणि कुणी उत्तर दिलं, असं त्या दुकानात पहिल्यांदाच घडत होतं. त्याला आनंद झाला होता. डोळे पुसायला खिशातून जे फडकं काढलं त्याला ग्रीस होतं, ते गालाला लागलं, तेही त्याला दुपारभर कळलं नाही.

“अहो वायरमन,” शेवटी शिंपी रस्त्यापलीकडून ओरडला, “बास की आता. तुमच्या हॉर्नपायी माझी शिलाई वाकडी जातेय. कुणाच्या पँटचा पाय आखूड झाला तर तुमच्याकडे पाठवीन.”

“नाठाळ गाडी आहे,” वायरमन म्हणाला. “दोन दिवस सोसा.”

“दोन दिवस मी कानांत चिंध्या घालून बसतो,” शिंपी म्हणाला, आणि त्याने खरंच कापडाच्या दोन चिंध्या वळून कानांत घातल्या.

४

सव्वाचारला फोन वाजला. मुलीचा. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि रोज मधल्या सुटीत फोन करी.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो. तू?”

“हो. गोळ्या घेतल्यात का? डावा हात अजून जड होतो का?”

“वय झालंय, हात जड होणारच. जुनी पिकअप आलीय बघ एक, तुला आवडली असती. हिरवी आहे. तिचा…”

“बरं बाबा, ठेवते. तुमचं काम अडेल.”

दोन मिनिटं. चार वर्षं झाली, मुलीचा एकही फोन दोन मिनिटांच्या वर गेला नव्हता. ती घड्याळ लावून बोलते हे त्याला ठाऊक होतं, आणि का ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

बायको गेली त्या दिवशीही सव्वाचारला मुलीचा फोन आला होता. नोकरी लागल्याची बातमी होती. बाप-लेक अकरा मिनिटं बोलले, हसले. फोन ठेवून तो गाडीपाशी गेला, तर बायको आत स्टिअरिंगवर पडलेली. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात मुलगी एकदाच म्हणाली, “मी फोन केला नसता तर तुम्ही तिच्याजवळ असता.” तो काही बोलला नाही. ती समजायचं ते समजली. तेव्हापासून ती कुणाशीच फोनवर दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नसे.

खरं काय झालं होतं ते असं. दुधाच्या व्हॅनचं काम होतं. त्याने एक ठोका दिला, हॉर्न वाजला. दोन ठोके दिले, हॉर्न थांबेना. कोड्यात अडकली असेल असं वाटून त्याने पुन्हा दोन ठोके दिले, जोरात. “सोड की गं,” तो ओरडला. “झोपलीस काय?” आवाज डोक्यात जाऊ लागला तेव्हा त्याने वैतागून हॉर्नची तारच उपटली. शांत झालं. बरं वाटलं. तारेचं टोक गंजलेलं दिसलं, तसं त्याने हातासरशी पॉलिश पेपरने ते घासायला घेतलं. निवांत घासलं. मग तीन ठोके दिले. तिकडून काही हालचाल झाली नाही, पण तीन ठोक्यांना ती कधीच लगेच उतरत नसे. त्याने हात धुतले. मग फोन आला. “आई कुठंय?” मुलीने विचारलं. “आहे की,” तो म्हणाला. “गाडीत बसलीय निवांत. कोडं सोडवत असेल.”

हॉर्न तिने फोनच्या कितीतरी आधी दाबून ठेवला होता. हे मुलीला सांगितलं असतं तर तिच्या डोक्यावरचं ओझं त्या क्षणी उतरलं असतं. उतरून ते कुणाच्या डोक्यावर बसलं असतं, हेही उघड होतं. म्हणून त्याने तोंडातून ब्र काढला नाही. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंना त्याने एवढंच विचारलं होतं, की तिला काही कळत असेल का शेवटी. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही.

५

शुक्रवारी त्याने स्टिअरिंगच्या नळीतली जुनी तार पुरती ओढून काढली. बाहेर काढून जमिनीवर सरळ पसरली. आता बटणही नाही आणि तारही नाही. वाजायचं झालंच तर रिले चिकटून वाजेल, नाहीतर नाही, हे मनाशी पक्कं करून तो पुढे आला आणि त्याने एक ठोका दिला.

एक श्वास गेला. हॉर्न वाजला.

“रिले,” तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे स्वतःला ऐकू जावं. दोन ठोके दिले. हॉर्न थांबला. पण कालच्यापेक्षा सावकाश थांबला, कुणाला हात उचलायला जड जावं तसा. पुढच्या खेपेला आणखी सावकाश. त्याच्या पुढच्या खेपेला दोन ठोके दिले तरी हॉर्न वाजतच राहिला.

त्याने पुन्हा दोन ठोके दिले. मग पुन्हा. आवाज डोक्यात शिरला, आणि विचार करण्याच्या आधीच त्याचा हात हॉर्नच्या तारेकडे गेला. बोटं तारेवर टेकली आणि त्याने ती ओळखली. डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं. कधीकाळी बॉनेट पडून गेलेलं, नंतर उगवलं ते काळंच उगवलं. हीच बोटं, अशीच.

त्याने हात झटकला आणि गाडीला वळसा घालून धावला. तसेच बरबटलेले हात घेऊन, त्या दिवशी धावायला हवं होतं तसा. दार उघडलं, आणि हॉर्न थांबला.

आत कुणी नव्हतं. स्टिअरिंगच्या मधोमध बटणाच्या जागी काळं भोक होतं. सीटच्या रेक्झिनला घड्या पडल्या होत्या, पण जुन्या सीटला घड्या असणारच. त्याने तळवा टेकवला. रेक्झिन गरम होतं. गाडी दोन दिवस सावलीत उभी होती. माझे हात गार पडलेत, त्याने ठरवलं, म्हणून ते गरम लागतंय.

“अगं,” त्याने हळूच हाक मारली. काल ज्याचा आनंद झाला होता तेच आज त्याला नको झालं. ती इथे असेल तर ती हॉर्न दाबून काहीतरी सांगत होती, आणि काय सांगत होती ते त्याला चांगलंच माहीत होतं.

त्या दिवशी सव्वाचारच्या फोनवर तो म्हणाला, “उद्या जरा वेळ काढून फोन कर. एक बोलायचंय.”

“काय झालं?” मुलीचा आवाज घाबरा झाला.

“काही झालं नाही. उद्या सांगतो. उद्या घड्याळ बघू नकोस.”

“बरं,” ती म्हणाली.

६

शनिवारी त्याने सगळं चोख केलं. नळीत नवी तार ओवली, वाटी चकचकीत घासली, नवी स्प्रिंग बसवली, बटण जागेवर ठेवून फिरवलं. हात काम करत होते आणि ओठ वाक्य घोकत होते. तुझा फोन येण्याआधीच हॉर्न वाजला होता. मी तारच काढली. तुझ्या फोनमुळे काही झालं नाही. तीन वाक्यं होती. बरी जमली होती. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला छाती मोकळी वाटत होती, फक्त डावा खांदा तेवढा सकाळपासून दुखत होता.

चारला दहा कमी असताना तो शेवटचं बघायला केबिनमध्ये चढला. बॉनेट उघडंच होतं. त्याने बटण दाबलं आणि हॉर्न लगेच, बोटाबरोबर वाजला. मध्ये श्वास गेला नाही. सोडलं, थांबला. बाजूच्या आरशात शिंपी दिसत होता, कानांत चिंध्या, मान मशीनवर. मान वर न करता त्याने हात हलवला, की चालू द्या तुमचं. काम झालं होतं. आता उतरायचं, हात धुवायचे आणि फोनची वाट बघायची.

बॉनेटवर एक ठोका पडला.

त्याच्या हाताने बटण दाबलं. डोकं मागाहून आलं. सव्वीस वर्षं त्याने दुसऱ्याला लावलेली सवय त्याला स्वतःलाही लागली असेल, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. हॉर्न वाजला.

दोन ठोके. त्याने हात उचलला. हॉर्न थांबला.

बॉनेटची टेकणी सरकली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. लोखंड तापतं, निवतं, आवाज करतं. सांगता सांगता तो पुढे झुकला आणि त्याने फटीतून पाहिलं.

दोन हात दिसत होते. मनगटाच्या वर चौकड्यांच्या शर्टाची दुमडलेली बाही होती. तो शर्ट त्याने चार वर्षांपूर्वी फाडून त्याची फडकी केली होती. त्यातलं एक या घडीला त्याच्या खिशात होतं. फटीतल्या डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं. त्याने स्टिअरिंगवरचा आपला अंगठा पाहिला. तोही तसाच होता.

फटीतल्या हाताने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि एक ठोका दिला.

दाबायचं नाही, हे त्याला कळत होतं. पण नाही दाबलं तर पुढचा माणूस चिडेल, हेही कळत होतं. त्या माणसाला तो ओळखून होता. त्याने दाबलं, आणि खांद्यातलं दुखणं एकदम हातभर उतरलं. छाती आवळली. तो पुढे कलला आणि हाताचा, छातीचा सगळा भार बटणावर आला. गालाला स्टिअरिंगची कड लागली. हॉर्न वाजू लागला.

दोन ठोके पडले.

त्याला हात उचलता येईना. आरशात शिंपी दिसत होता. शिंप्याने मान वर केली नाही. दोन दिवस हॉर्न ऐकून गल्लीत आता कुणीच मान वर करणार नव्हतं.

पुन्हा दोन ठोके, जोरात. “सोड की गं,” बॉनेटपलीकडून आवाज आला. “झोपलीस काय?” आवाज त्याचाच होता. आपला आवाज असा लागतो, एवढा तिरसट, हे त्याला माहीत नव्हतं.

मग हॉर्न बंद पडला. पलीकडे पॉलिश पेपर घासल्याचा आवाज सुरू झाला. सावकाश, निवांत. त्याची मान वळत नव्हती, पण डोळे फटीसमोर होते आणि ते हात त्याला नीट दिसत होते, तारेचं टोक घासत, फुंकर मारत, पुन्हा घासत. म्हणजे तिलाही दिसत होते. डॉक्टरबाईंना सांगता आलं नव्हतं ते त्याला आता कळलं. तिला सगळं कळत होतं, आणि ती हाताच्या अंतरावर होती, आणि कुणी वळसा घालून येत नव्हतं. एवढं एकटेपण त्याने चार वर्षांत सोसलं नव्हतं. तिने ते शेवटच्या काही मिनिटांत सोसलं होतं.

तीन ठोके पडले. झालं, उतर.

पावलं बेसिनकडे गेली. नळ सुटला. पत्र्याच्या झाकणात साबणाची वडी सरकली. हात राहू देत, त्याला म्हणायचं होतं, हात नंतर धू, आधी इकडे ये. ओठ हलले, आवाज फुटला नाही. नळ बंद झाला. फोन वाजला.

“बोल गं,” तो माणूस म्हणाला. आवाज मोकळा होता. “हो? अरे वा. मला ठाऊकच होतं.”

फोनवर त्या दिवशीची मुलगी होती की आजची? आजची असली तर ती दोन मिनिटांत ठेवेल, मग हे मिटेल, त्याने विचार केला. मग त्याला आठवलं, आज घड्याळ बघू नकोस असं त्यानेच तिला सांगितलं होतं. तीन वाक्यं त्याच्या तोंडात तयार होती. ती आता त्या माणसाने मुलीला सांगायला हवी होती, आणि तो माणूस ती सांगणार नव्हता. त्या दिवशी त्याला ती माहीतच नव्हती.

“आई?” बॉनेटपलीकडचा तो माणूस म्हणाला. “आहे की. गाडीत बसलीय निवांत. कोडं सोडवत असेल.”

अकरा मिनिटं. त्यातली किती झाली ते त्याला मोजता येईना. त्याने होता नव्हता तो जीव हातात आणला आणि बटण दाबलं. बटण केव्हाचं दाबलेलंच होतं. बॉनेटपलीकडे तो माणूस हसला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “सांग, सांग. मला काही घाई नाही.”